सावलीत दिलेली लेक

रुपराव बोरकुट्यांचा उन्हावर राग होता. कास्तकारानं उन्हावर रागावून कसं भागायचं, असं गावात लोक हसत विचारायचे. पण राग होता तो होता. त्यांची बायको सुभद्रा एका वैशाखात भर दुपारी वावरात धसकटं वेचता वेचता ऊन लागून गेली. बैलबंडीत घालून घरी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. पंचफुला तेव्हा सहा वर्षांची होती. तेराव्याला जमलेल्या सोयऱ्यांसमोर रुपराव मोठ्यानं बोलले, "माह्या पोरीले मी सावलीत देईन. आयुष्यात तिच्या डोक्शावर ऊन पडू देनार नाई."

सावनेरकडच्या शेतकरी घरात 'सावलीत देणं' म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नसे. जावई नोकरीवाला, घर शहरात, लेकीच्या हातात विळा नाही की डोक्यावर भारा नाही. सगळेच बाप तसं बोलतात आणि शेवटी शेजारच्या गावातला दहा एकरवाला बघून मोकळे होतात. रुपराव मात्र बोलल्याला जागणारे. पंचफुला सतरा वर्षांची झाली तेव्हा त्यांनी नागपूरची महाल वस्ती पालथी घातली आणि कृष्णकांत नावाचा सरकारी कचेरीतला कारकून शोधून काढला. मुलगा निर्व्यसनी होता आणि त्याची आई यमुताई बोलायला जरा करकरीत असली तरी मनानं वाईट नव्हती.

घर बघायला गेले तेव्हा बरोबरचे सोयरे मुलाचा पगार विचारत होते, कुळी विचारत होते. रुपरावांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. ते एकटेच उठून घरात फिरले. एकामागे एक अशा तीन खोल्या, त्याही तळमजल्यावर, आणि समोर गल्ली इतकी अरुंद की सायकलरिक्षा आली तर माणसानं ओट्यावर चढून उभं राहावं. दिवस मे महिन्याचे, वेळ दुपारी एकची. रुपरावांनी स्वयंपाकघरातल्या भिंतीला तळहात लावून पाहिला. भिंत माठासारखी थंड लागली. बाहेर येऊन ते सोयऱ्यांना म्हणाले, "ठरलं समजा."

लग्न झालं, लेक गेली, आणि मग रुपरावांना कळलं की घरातलं माणूस किती जागा व्यापून असतं. बारा एकराची शेती, बैलजोडी, कामाला कवडू नावाचा जुना गडी. कशालाच काही कमी नव्हतं. पण संध्याकाळी वावरातून आलं की पाय आपोआप दारातच थबकायचे, कारण आतून "आला का बा?" असं विचारणारं कुणी नव्हतं. कवडू भाकरी थापायचा, ती जाडजूड आणि कडेला कच्ची. रुपराव ती मुकाट्यानं खायचे आणि मनात म्हणायचे, लेक सुखात आहे. हे वाक्य ते दिवसातून इतक्यांदा म्हणायचे की सुखात असलेल्या लेकीसाठी एवढी जपमाळ कशाला ओढावी लागते, असं कुणीही विचारलं असतं.

दर दोन महिन्यांनी ते छिंदवाड्याहून येणाऱ्या अरुंद रुळांच्या छोट्या आगगाडीनं नागपूरला जायचे. पिशवीत ज्वारी, तुरीची डाळ आणि तुपाची बरणी. महालातल्या त्या पुढच्या खोलीत तासभर खुर्चीच्या टोकावर बसायचं, पंचफुलानं डोक्यावरचा पदर सावरत आणून दिलेला चहा घ्यायचा, "बरी हाय ना?" विचारायचं, "बरी हाय" ऐकायचं आणि परत यायचं. एवढ्यासाठी ते दोन महिने दिवस मोजत. गावात परतल्यावर पारावर सांगायचे, "पोरगी गोरी झाली बाप्पा! वळखू नाई येत." गोरेपणा म्हणजे भाग्य, अशी त्यांची साधी समजूत होती. हळूहळू ते गोरेपण पांढुरकं होत गेलं, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल. माणूस आपल्याच हातानं केलेल्या गोष्टीत खोट काढायला कचरतो.

लग्नाला सात-आठ वर्षं झाली आणि पंचफुलाची कंबर धरू लागली. अनंत आणि तारा अशी दोन मुलं. दोघंही दोन-दोन वर्षं अंगावर प्यालेली. घरात दूध यायचं ते मुलांना, नवऱ्याला, सासूबाईंच्या चहाला. तिला कुणी नको म्हणत नव्हतं. तीच घेत नसे. आता आधी कंबर, मग मांड्या, मग बरगड्या दुखायला लागल्या. खाली बसली की भिंतीला हात लावल्याशिवाय उठता येईना. चालताना दोन्ही बाजूंना डुलायची. तेल चोळून झालं, शेक घेऊन झाले, नजर उतरवून झाली. गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या एका डॉक्टरांनी रक्त तपासलं. कॅल्शियम जवळजवळ ठीक निघालं. "रक्त बरोबर आहे. हे दुखणं मनाचं," असं म्हणून त्यांनी टॉनिकची बाटली दिली.

मग काय, सगळ्यांना सोपं झालं. यमुताईही म्हणाल्या, मनाचं. आणि रुपराव? ज्वारीची पिशवी खाली ठेवून तेही लेकीला बोलले, "काहून अशी करून राहिली वं? एवढ्या सुखाच्या घरात तुले दुखते तरी काय?" पंचफुला चहाचा कप उचलून भिंतीच्या आधारानं आत गेली. ते वाक्य रुपरावांना पुढे जन्मभर टोचत राहिलं.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या आश्विनात, घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी, उंबरठा ओलांडताना तिचा पाय नुसता वाकडा पडला. ती पडलीसुद्धा नाही. पण त्या जागेवरून तिला हलता येईना. कृष्णकांत तिला रिक्षात घालून धरमपेठेतल्या डॉ. गिरिधर पेंढरकरांकडे घेऊन गेला आणि सावनेरला निरोप धाडला.

रुपराव पोचले तेव्हा डॉक्टर एक्स-रे उजेडासमोर धरून उभे होते. माणूस तरुण, बोलण्यात घाई नाही. त्यांनी बोटानं दाखवलं: मांडीच्या वरच्या हाडात एक पुसटशी आडवी फट होती, तशीच कमरेच्या हाडात. दुसऱ्या फिल्मवर हाताचा पंजा. बोटांच्या हाडांच्या कडा कशानं तरी कुरतडल्यासारख्या.

"हाडं मऊ झाली आहेत," डॉक्टर म्हणाले. "अंगात 'ड' जीवनसत्त्व उरलेलं नाही. ते उन्हानं कातडीत तयार होतं. यांच्या अंगाला ऊन लागतच नाही."

कृष्णकांतला हसू आलं. "डॉक्टरसाहेब, नागपुरात उन्हाची कमी?"

"नागपुरात नाही. तुमच्या घरात."

रुपराव हसले नाहीत. त्यांना तो थंड भिंतीला लावलेला हात आठवला. तरी कास्तकाराची बुद्धी हिशेब लावतच होती. ते म्हणाले, "पर साहेब, रक्त तं बरोबर निंगालं होतं. मंग हाडातलं कुठं गेलं?"

हा प्रश्न डॉक्टरांना आवडला. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मानेत घशाजवळ चार बारक्या गाठी असतात, तुरीच्या दाण्याएवढ्या. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं हे त्यांचं काम. रक्तात ते कमी पडलं तर काळीज आणि स्नायू चालणार नाहीत. 'ड' जीवनसत्त्व नसल्यामुळे खाल्लेल्या अन्नातलं कॅल्शियम अंगी लागत नाही. मग या गाठी काय करतात? जादा रस सोडतात आणि हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात आणतात. म्हणून रक्त बरोबर दिसतं आणि हाडं रिकामी होत जातात."

रुपराव हळूच म्हणाले, "म्हंजे घरात खायाले दाना नाई म्हून बाईनं कनगीतलं बियानं काढून रांधलं. रोज चूल पेटते, लोकायले वाटते घर चांगलं चालून राहिलं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अगदी तसंच. आणि त्यात बाईचा दोष नाही. त्या गाठींचाही नाही. वर दाणा येऊ द्या, त्या आपोआप शांत होतील."

'वर दाणा' म्हणजे महिन्याला एक इंजेक्शन, कॅल्शियमच्या गोळ्या, रोज शेरभर दूध आणि ऊन. तेही कोवळं नाही, चांगलं दहा-अकराचं. तासभर, हातपाय उघडे, डोक्यावर पदर नको. आणि संक्रांत झाली की तपासायला आणायचं, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं. हे औषध न तपासता घेत राहिलं तर उलटतं, मूत्रपिंडात खडे करतं, असंही सांगितलं.

महालातल्या घरात तासभर ऊन आणायचं कुठून? गच्ची होती, पण ती चार बिऱ्हाडांची. यमुताई म्हणाल्या, "सुनेनं उघड्या हातांनी चार घरांदेखत बसायचं? मी तीस वर्षं या घरात दुपारी गल्लीत पाऊल नाही टाकलं." तेव्हा रुपराव म्हणाले, "मी नेतो. पोट्टे राहू द्या इथंच, शाळा हाय त्यायची." आवाज त्यांनी पडेलच ठेवला होता. पण खरं सांगायचं तर, लेक अंथरुणाला खिळली आहे या दुःखाच्या तळाशी, बारा वर्षांनी ती घरी येणार या आनंदाला उकळी फुटली होती. स्वतःचीच शरम वाटली त्यांना. तरी आनंद तो आनंदच.

छोट्या गाडीच्या बाकड्यावर निजवून, पुढे बंडीत कडबा पसरून त्यांनी पंचफुलाला घरी आणलं. कार्तिक लागला होता, कापूस फुटला होता. वावराच्या बांधावर बाज टाकून तिला रोज बसवायचं, हे रुपरावांनी स्वतःकडे घेतलं. पहिल्या दिवशी तिच्या उघड्या दंडांवर ऊन पडलं तेव्हा त्यांना बघवेना. सुभद्रा गेली ते वावरही हेच होतं. ते पाठ फिरवून उभे राहिले. थोड्या वेळानं पंचफुलाच म्हणाली, "बा, बस ना गा इथं. बरं वाटून राहिलं." ते बसले. समोर बाया कापूस वेचत होत्या, गप्पा हाकत होत्या. एवढी वर्षं ज्याला शिव्या दिल्या त्या उन्हाला आज रुपरावांनी मनातल्या मनात हात जोडले.

सावनेरचा कंपाउंडर सायकलवर येऊन इंजेक्शन द्यायचा. दूध घरचं होतं. तीन आठवड्यांत रात्रीचं कण्हणं थांबलं. मार्गशीर्षात ती काठी घेऊन उठली, आणि एके दिवशी चुलीपुढे जाऊन बसली. त्या दिवशी कवडूची भाकरी सुटली. पातळ, पापुद्रा सुटलेली भाकरी तोंडात घातली आणि रुपरावांना एकाएकी रडू आलं. "तिखट लागलं काय गा?" पंचफुलानं विचारलं. ताटात नुसतं वरण होतं. ते म्हणाले, "हो."

संध्याकाळी दारात पाय ठेवला की आतून हाक यायची, "आला का बा?" रुपराव कधी मुद्दाम उशिरा, कधी मुद्दाम लवकर यायचे, वेळ कुठलीही असो, हाक चुकायची नाही. आयुष्यात त्यांनी काही हव्यास धरला असेल तर तो या तीन शब्दांचा.

पंचफुलाचं मन मात्र अर्धं महालात होतं. अनंतचं पत्र आलं की ते ती तीनदा वाचायची. तारानं खाली काढलेलं वेडंवाकडं फूल बोटानं गिरवायची. उन्हात बसल्या बसल्या मध्येच म्हणायची, "आता डब्बा खाल्ला असन पोट्ट्यायनं." रुपरावांना हे ऐकू यायचं आणि ते बैलांबद्दल काहीतरी बोलायला लागायचे. बापांना असं सोयीचं बहिरेपण येतं.

संक्रांत आली. तीळगूळ झाला, हुरडा झाला. तपासायला जायचा दिवस ठरलेला होता. ती अजून जरा लंगडत होती, पण काठी सुटली होती. रुपरावांना स्वच्छ दिसत होतं: डॉक्टर फिल्म पाहील, 'झालं' म्हणेल आणि कृष्णकांत तिथूनच तिला घेऊन जाईल. त्यांनी गाडी चुकवली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, तूर काढायची आहे. तिसऱ्या दिवशी कोनाड्यातलं कार्ड घेऊन जावयाला लिहिलं: 'चिरंजीव कृष्णकांत यांस आशीर्वाद. डॉक्टर म्हणतात पाय अजून अधू आहे. फाल्गुन संपेस्तोवर इथेच ठेवावी. काळजी नसावी.' डॉक्टरांचं तोंडही न पाहता त्यांच्या तोंडी शब्द घातले. उभ्या जन्मात कुणाची कवडी न बुडवलेल्या माणसानं हे खोटं लिहिलं, शाई वाळायला कार्ड कोनाड्यात उभं केलं आणि सकाळी कवडूच्या हाती टपालात धाडलं.

माघ गेला, फाल्गुन गेला. पंचफुलाचं तोंड उन्हानं सावळं झालं, दंड भरले. लंगडणं तेवढं राहिलं. रुपरावांना ते खुपायचंही आणि हवंही असायचं. कधी मध्येच काळजात धस्स व्हायचं, आपण तपासायला नेली नाही म्हणून तर पाय असा राहिला नाही ना? मग संध्याकाळची हाक यायची आणि ते उद्यावर ढकलायचे.

पाडवा झाला, आणि कृष्णकांतचं पत्र आलं: अनंतची परीक्षा संपते आहे, अमुक तारखेला मी चार वाजता कचेरीतून दवाखान्यात येतो. आता पळवाट उरली नव्हती.

डॉ. पेंढरकर आधी संतापले. "तीन महिने? औषध चालू आणि तपासणी नाही? मी दोनदा सांगितलं होतं!" रुपराव मान खाली घालून उभे राहिले. मग एक्स-रे झाला आणि डॉक्टरांचा चेहरा निवळला. फटी भरल्या होत्या. हाडाच्या कडा दाट दिसत होत्या. "चाला बघू," ते म्हणाले. पंचफुला भिंतीपर्यंत गेली आणि परत आली, उजव्या पायावर लचकत.

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "हाडं भरली, मग ही लंगडते का?" त्यांनी पुन्हा फिल्म पाहिली. "एक शक्यता आहे. फार वर्षं हाडं ओढायची सवय लागली की कधी कधी त्या गाठी ऐकेनाशा होतात. दाणा आला तरी बियाणं काढतच राहतात. रक्तातलं कॅल्शियम आता वाढलेलं निघालं तर मान उघडून त्या गाठी काढाव्या लागतील. मुंबईला. चार वाजता रिपोर्ट येईल, बाहेर बसा."

बाहेर लाकडी बाक होतं. रुपराव त्यावर बसले ते कोसळल्यासारखेच. लेकीच्या गळ्यावर सुरी. आणि तीही आपण तीन महिने घरात कोंडून ठेवली म्हणून. एकदा सावलीत ठेवून हाडं खाल्ली, आता उन्हात ठेवून गळा.

"पंचे," ते म्हणाले, "मी पापी हाय. मी तुह्या नवऱ्याले खोटं कार्ड लिहिलं. डाक्तरनं काईच सांगतलं नोतं. मीच तुले ठेवून घेतलं. मले घर खायाले उठते वं... तुह्या गळ्याले काई झालं तं मी..." साठीचा माणूस धोतराच्या सोग्यात तोंड घालून लहान पोरासारखा रडायला लागला. समोरचे पेशंट बघायला लागले.

पंचफुला उठली. बाकापासून व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली आणि वळून परत आली. सरळ, दोन्ही पाय सारखे टाकत, कमरेत कुठं लचक नाही. रुपराव तोंड उघडं टाकून बघत राहिले.

"मी बरी हाय, बा," ती शेजारी बसत म्हणाली. "माघातच बरी झाली. ते कार्ड मी कोनाड्यात वाचलं होतं. म्हटलं, बानं एवढं खोटं लिहिलं, कधी नाई ते. तुले हाक माराले कोनी पायजे होतं. मंग मीच लंगडत राहिली."

रुपरावांनी सोग्यानं तोंड पुसलं.

"पर डाक्तरसमोर काहून लंगडली वं?" त्यांनी विचारलं.

"तू बाजूले उभा होता ना. वाटलं, अजून तुले चार दिवस देऊ. मान कापाची गोष्ट निंगन हे मले का ठाऊक?" ती हसली, आणि हसता हसता तिचेही डोळे भरले. "दोन महिने तुले देल्ले, बा. पोट्ट्यायचे होते ते. आता मले घरी पोचवून दे."

घरी. बारा वर्षं रुपराव समजत होते की लेक सावनेरच्या घरासाठी झुरते. त्या तीन अंधाऱ्या खोल्यांना कुणी असं जीव लावून घर म्हणेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते आधी रागावले, मग खिडकीकडे वळून बराच वेळ फिल्मच बघत राहिले. रिपोर्टमध्ये कॅल्शियम बरोबर निघालं. गाठी शांत झाल्या होत्या. औषध आता अगदी थोडं, ऊन मात्र रोज, असं त्यांनी लिहून दिलं. चारला कृष्णकांत आला. त्यानं सांगितलं की गच्चीवर बांबूचा आडोसा केला आहे, आणि आईच आधी जाऊन तिथं बसते, तिच्या गुडघ्यांना बरं वाटतं म्हणे. मग त्यानं संकोचत विचारलं, "मामाजी, अजून किती दिवस ठेवायचं म्हणता?"

"आजच ने," रुपराव म्हणाले.

रिक्षा मिळाली नाही. कृष्णकांत म्हणाला, चौकात मिळेल. पंचफुला बापाच्या पाया पडली, रस्त्यावर उतरली आणि नवऱ्याच्या बरोबरीनं चालू लागली. रुपराव रिकामी पिशवी धरून फाटकात उभे राहिले. लंगडत जाणाऱ्या लेकीला कोपऱ्यापर्यंत जायला वेळ लागला असता, तेवढा वेळ तरी ती दिसली असती. ती चांगली चालत होती, म्हणून लवकरच दिसेनाशी झाली.